फिकट पिवळी काच

चिसातोने दिवा बंद केला, काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि काचेच्या भांड्यातली हवा सुईने ओढून यंत्रात सोडली. आकडा यायला थोडा वेळ होता. तेवढ्यात तिने पिशवीतून डायपरचा गठ्ठा काढला आणि एकेकावर मुलीचे नाव घालायला घेतले. पाळणाघराचा नियमच तसा होता. नाव नसलेला डायपर तिथल्या बाई संध्याकाळी हसतमुखाने परत हातात ठेवत. कोहारु. कोहारु. कोहारु. पुडीच्या बाटल्यांवर लिहायचा तोच काळा मार्कर, आणि अक्षरही तेच, घाईतले.

यंत्र टिकटिकले. तिने मान वर केली आणि मार्कर तसाच हातात राहिला.

पांढऱ्या पुडीने काम केले होते.

त्या पुडीने काहीच करायला नको होते. साधी टायटॅनियम डायऑक्साइडची पूड, भिंतीच्या रंगात असते तीच. उन्हात ठेवली की ही पूड मळ, वास, जंतू सगळे खाऊन टाकते; ताजिमी गावच्या कारखान्यांत बनणाऱ्या, इमारतींना बाहेरून लावायच्या फरश्या तिच्या जोरावर पावसाने आपोआप स्वच्छ होतात. पण तिला लागतो तो उन्हातला न दिसणारा, कातडी काळवंडवणारा अतिनील प्रकाश. घरातल्या दिव्याखाली ती ढिम्म हलत नाही. म्हणून तर प्रयोगशाळेचे प्राध्यापक हिबिनो सेन्सेईंनी सारी हयात तिच्यात चिमूटभर नायट्रोजन मुरवण्यात घालवली होती. युरियाबरोबर भट्टीत भाजायची, आणि पूड फिकट पिवळी होऊन बाहेर आली की समजायचे, आता हिला साधा उजेडही पचेल. मुरता मुरत नसे. कधी पूड गडद होई पण काम करीत नसे, कधी नुसतीच करपे. आणि यंदाच्या जानेवारीत, निवृत्तीला जेमतेम दोन-अडीच महिने उरले असताना, ते साधले होते. पिवळ्या पुडीची रेषा आलेखात अशी वर चढली होती की सेन्सेईंनी तो कागद बराच वेळ डोळ्यांजवळ धरून ठेवला होता.

पांढरी पूड त्या आलेखात तळाशी होती, आडवी, मेल्यासारखी. पण ती रेषा नोव्हेंबरातली. सेन्सेईंच्या शेवटच्या व्याख्यानासाठी चिसातोला ती फक्त नव्याने, नीट काढायची होती.

"निवा-सान, हा फोटो बघा ना." ओकुमुरा खुर्चीसकट घरंगळत चिसातोजवळ आला; इथे सगळे तिला आडनावानेच हाक मारत. तो एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होता, एप्रिलपासून नोकरीवर जाणार होता, आणि व्याख्यानाची चित्रे जुळवण्याचे काम त्याच्याकडे होते. "पहिल्या पानावर हा लावू? यात सेन्सेई चिडलेले दिसतात."

"ते नेहमी तसेच दिसतात."

"मग हाच लावतो. लोकांना ओळख पटायला नको?" तो तिच्या संगणकाच्या पडद्याकडे वळला. "पांढरी झाली? द्या आकडे, चिकटवून टाकतो."

"नाही झाली अजून." चिसातोने पडदा खाली वळवला. "भांडं गळतंय बहुतेक."

"ते तर माझ्या जन्माआधीपासून गळतंय," म्हणत तो घरंगळत परत गेला, आणि थोड्या वेळाने जेवायला म्हणून बाहेर पडला.

भांडे गळत नव्हते. तिने बूच पुन्हा तपासले, पूड पुन्हा तोलली, पुन्हा दिवा लावला. पांढऱ्या पुडीने पुन्हा काम केले. मग तिची नजर दिव्याच्या पेटीवर गेली.

पेटी सेन्सेईंची होती. त्यांनी ती तरुणपणी स्वतः बनवलेली, पत्र्याची, कोपरे घासून गुळगुळीत झालेली. दिवा बदलायचा तर तेच बदलत. वर्षअखेरीच्या साफसफाईत सारी प्रयोगशाळा फडकी घेऊन उभी राही, कुणी शेल्फ पुसे, कुणी खिडक्या, आणि सेन्सेई बाह्या सरसावून आपली पेटी. इतरांनी तिला हात लावायचा नाही, असे कुणी कधी म्हटले नव्हते. कुणी लावत नव्हते इतकेच. शिवाय दिवा इतका प्रखर की काळा चष्मा घातल्याशिवाय तिकडे बघायची सोय नव्हती. काळ्या चष्म्यातून सगळेच काळे.

सेन्सेई आज इस्पितळात होते. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू नुकताच काढला होता, त्याची तपासणी होती.

तिने पेचकस शोधला.

झाकणाच्या आत दोन खाचा, दोन खाचांत दोन काचा. पहिली साधी, धूळ आणि उष्णता अडवणारी. दुसरी फिकट पिवळी हवी; तीच अतिनील प्रकाश रोखते, बाकीचा सोडते. त्या काचेवर तर सगळी भिस्त होती. चिसातोने दुसरी काच दोन बोटांत धरून खिडकीकडे केली. समोरचे धुराडे, विजेच्या तारा, फेब्रुवारीचे आभाळ, सगळे जसेच्या तसे दिसले. तीही साधीच होती.

जादा काचांची लाकडी डबी खालच्या कप्प्यात सापडली. पिवळी काच तिच्यात होती, पातळ कागदात नीट गुंडाळलेली, स्वच्छ पुसलेली, साध्या काचेच्या जागी. तिच्यातून पाहिल्यावर तेच आभाळ किंचित लोण्यासारखे झाले. किती किंचित! न सांगता कुणाच्या लक्षातही येऊ नये.

तिने ती खाचेत बसवली आणि पिवळी पूड भांड्यात घातली. दुपारभर यंत्र तिला तेच ते सांगत राहिले. जानेवारीत जी रेषा वर चढली होती, ती आता तळाशी पडून होती, पांढरीच्या शेजारी, तिच्याइतकीच गारठलेली. जानेवारीभर त्या पुडीने अतिनील प्रकाशच खाल्ला होता. तो कुणी अडवलाच नव्हता.

ओकुमुराने जाताना विचारले, "मिळाले आकडे?"

"उद्या."

"उद्या नक्की हं. सेन्सेई मला खातील, आणि त्यांना आता नीट दिसतंसुद्धा."

पाळणाघर बंद व्हायची वेळ होत आली होती. चिसातोने कोट चढवला, डायपर पिशवीत कोंबले, दारापर्यंत गेली. मग परत आली. कोट न काढताच तिने पेटी उघडली, पिवळी काच काढून साधी बसवली, पिवळी कागदात गुंडाळून डबीत ठेवली, झाकणाचे स्क्रू एकेक करून घट्ट केले. हात नेहमीच्या सवयीने चालत होते. दिवा विझवून ती पळत सुटली.

कोहारुला भरवताना फोन वाजला. तिचा नवरा, शुम्पेई होता. त्याची बदली सेंदाईला झाल्यापासून रोज या वेळी तो पडद्यावर येई, ऑफिसच्या शर्टातच, आणि कोहारु भाताने माखलेल्या बोटाने त्याच्या नाकावर टिचक्या मारी.

"घर बघून आलो," तो म्हणाला. "दोनच खोल्या आहेत, पण खिडकीतून रेल्वेचे रूळ दिसतात. ही कोहारुबाई तिथून हलायची नाही. आणि पाळणाघर खालच्याच गल्लीत."

"छान."

"इथल्या नोकरीची तुझी मुलाखत झाली की लगेच हो म्हणून टाकू, नाहीतर जाईल हातचं. तुझ्या त्या आलेखावर ते लोक एवढे खूश आहेत म्हणालीस ना? मग झालंच की." तो पडद्याजवळ आला. "काय गं? दमलेली दिसतेस."

"रोजच्याइतकीच."

"रोज इतकी नसतेस."

"कोहारु, वाटी नको, अगं वाटी नको!" चिसातोने वाटी पकडली, आणि ती पुसता पुसता विषय निघून गेला. फोन ठेवल्यावर कोहारु काळ्या पडद्यालाच टिचक्या मारत राहिली. चिसातोने तिला पाठीशी बांधले आणि भांडी घासली. मग घासलेलीच भांडी पुन्हा एकदा घासली.

मार्चअखेर तिचा करार संपत होता. प्रयोगशाळाही संपत होती. सेन्सेईंनंतर ती खोली दुसऱ्या कुणाला मिळणार होती, आणि पेटी भंगारात. नुसते गप्प बसायचे होते. त्यात तर ती पटाईत होती.

सकाळी पाळणाघराच्या चढावर तिने एक वाक्य तयार केले. मुलीला सोडून उतरताना ते पुन्हा म्हणून पाहिले. प्रयोगशाळेत पोचल्यावर पेटी उघडली, साधी काच काढली, पिवळी बसवली, आणि सेन्सेईंच्या दारावर टकटक केले.

हिबिनो सेन्सेई जमिनीवर बसून पुस्तकांचे गठ्ठे सुतळीने बांधत होते. डोळ्यांवर इस्पितळाने दिलेला प्लास्टिकचा पारदर्शक चष्मा होता, पोहणाऱ्यांचा असतो तसा. स्टोव्हवर किटली वाफा टाकत होती.

"ये, ये. त्या खोक्यावर बस. त्यात जुने अहवाल आहेत, बसण्याखेरीज त्यांचा काही उपयोग नाही."

चिसातो उभीच राहिली.

"सेन्सेई, दिव्याच्या पेटीत काच चुकीची बसली होती. पिवळीच्या जागी साधी. डिसेंबरातल्या साफसफाईपासून तशीच असणार." तिने खाली वाकून मान झुकवली. "पुसताना माझ्याकडून अदलाबदल झाली. मला माफ करा."

सुतळी ओढल्याचा आवाज थांबला.

"तू पुसलीस?"

"हो."

"साफसफाईच्या दिवशी?"

"हो."

"त्या दिवशी तू आलीच नव्हतीस, निवा-सान. पोरीला ताप होता. तू फोन केलास, तो मीच घेतला." त्यांनी गाठ मारली. "साफसफाईनंतर सगळ्यांसाठी सोबा, शेवया मागवल्या होत्या. तुझ्या वाटणीच्या मी खाल्ल्या. वर तळलेल्या कोळंबीचं तेम्पुरा होतं, वाया कसं घालवणार?"

चिसातोने मान वर केली नाही. तिला चुलीसमोर बसल्यासारखा चेहऱ्याला चटका जाणवला.

"पांढरी पूड चालली ना?" सेन्सेईंनी विचारले.

हे तिने सांगितलेच नव्हते.

"चालली."

"हं."

ते गुडघ्यावर हात टेकून उठले, टेबलाचा खण उघडला, आणि दोन बाटल्या काढून खिडकीच्या कडेला उजेडात ठेवल्या. दोन्हींवर तिचेच घाईतले अक्षर होते. एक साधी पांढरी, दुसरी जानेवारीतली.

"आता गंमत बघ." त्यांनी तळहाताने डावा, नवा डोळा झाकला. "या मोतीबिंदूच्या डोळ्याने ही पिवळी. तीही पिवळी. माझा शर्ट पिवळा, तुझा कोट पिवळा, बाहेरचं बर्फ पिवळं." हात उजव्या डोळ्यावर गेला. "आणि या डोळ्याने दोन्ही पांढऱ्या. बरं, ही आपली किंचित. म्हाताऱ्याच्या दातासारखी." हात खाली आला. "आणि जानेवारीभर मी तुला काय म्हणत होतो? निवा-सान, काय सुरेख पिवळी आली आहे!"

"मला वाटलं, तुम्ही उत्तेजन देताय."

"मी कधी कुणाला उत्तेजन दिलंय?"

"नाही," ती म्हणाली, आणि एवढ्यातही तिला हसू आले.

सेन्सेईही हसले, मग त्यांचे हसणे हळूहळू विरले. "काचेचंही तेच झालं असणार. दोन काचा हातात होत्या, दोन्ही पिवळ्या दिसत होत्या. पिवळी ओळखण्यात जन्म गेला, आणि..." त्यांनी वाक्य सोडून दिले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"पुडीचं कळलं होतं. इस्पितळातून आलो त्याच दिवशी. पूड पांढरी, तर मग रेषा चढली कशी? पेटी उघडली की कळणार होतं." त्यांनी स्वेटरच्या खिशातून एक छोटा पेचकस काढून टेबलावर ठेवला. त्याची मूठ हाताच्या उबेने चकचकीत झाली होती. "रोज सकाळी हा खिशात घालून येतो आणि संध्याकाळी खिशात घालून घरी जातो. उजव्या डोळ्याची तारीख त्यांनी व्याख्यानाआधीची दिली होती. मीच पुढे ढकलली."

किटलीचे झाकण थडथडू लागले. दोघांपैकी कुणीच ती उतरवली नाही.

"खरी काच लावून बघितलीस?"

"काल दुपारभर."

"पिवळीने काय केलं?"

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे काही, की काहीच नाही?"

"मोजमापात जेवढी चूक होऊ शकते, तेवढं."

"काहीच नाही म्हणायची ही सभ्य रीत झाली." ते खुर्चीत बसले. प्लास्टिकच्या चष्म्याआड त्यांचा एक डोळा पाण्यासारखा नितळ आणि दुसरा धुरकट दिसत होता. "सेंदाईला तोच आलेख पाठवलास ना?"

"हो."

"मुलाखत?"

"पुढच्या आठवड्यात."

"नवरा तिकडेच आहे."

"घर बघून ठेवलंय त्याने."

सेन्सेईंनी टेबलावरचा पेचकस बोटाने थोडा फिरवला. "पेटी मार्चअखेर भंगारात जाईल. ओकुमुरा नोकरीला जाईल. मी काही बोलायचो नाही." त्यांचा आवाज अगदी साधा होता. परीक्षा घेणाऱ्याचा नव्हता. जे ते इतके दिवस स्वतःला सांगत आले होते, तेच आता तिलाही देऊ करत होते, अर्धी भाकरी पुढे करावी तसे.

चिसातो अखेर खोक्यावर बसली. अहवाल तिच्या वजनाने जरा दबले.

"मी काल निघताना साधी काच परत बसवली होती," ती म्हणाली.

"मग?"

"आज सकाळी काढली."

बाहेर कुणीतरी फावड्याने वाटेवरचे बर्फ खरवडत होते. मग सेन्सेईंनी टेबलावरचा जुना फोन पुढे ओढला, कागद नाकाशी धरून नंबर वाचला आणि फिरवला.

"हॅलो. मी हिबिनो. उजव्या डोळ्याचं... हो, तोच. त्याला आधीची एखादी तारीख मिळेल का? ... हो, मीच पुढे ढकलली होती. ... हो हो, मीच. ... अगदी बरोबर, तुम्ही तेव्हा सांगितलं होतंत." त्यांनी बोलायच्या टोकावर हात ठेवून चिसातोला हळूच सांगितले, "ओरडा खातोय." मग पुन्हा फोनमध्ये: "नाही, दुखत काही नाही. व्याख्यान द्यायचंय, आणि ते आता नव्याने लिहावं लागतंय. दोन डोळे दोन गोष्टी सांगतात, तेवढं एक झालं म्हणजे... कुणी रद्द केलेली तारीख असली तरी चालेल. केव्हाही येतो. ... चालेल. फार उपकार झाले."

ते पलीकडच्याला दिसत नसतानाही फोनसमोर वाकले आणि मगच त्यांनी तो ठेवला. थोडा वेळ त्यांचा हात त्यावरच राहिला.

"ओकुमुराला मी सांगतो. त्याचा फोटो तरी कामाला येईल, चिडलेला." ते उठले. "सेंदाईला मी बोलू का?"

"नको, सेन्सेई. मीच बोलते."

त्यांनी मान हलवली. मग टेबलावरचा फोन दोन्ही हातांनी उचलून, त्याचे तोंड तिच्याकडे येईल असा वळवून ठेवला.

"मी चहा आणतो," म्हणत ते बाहेर गेले आणि दार ओढून घेतले. किटली खोलीतच होती, स्टोव्हवर उकळून उकळून निम्मी झालेली.

चिसातोने पिशवीतून सेंदाईच्या नंबराचा कागद काढला. त्याच्याबरोबर एक डायपर वर आला, नाव न घातलेला. तिने तो मांडीवर ठेवला. खिडकीत दोन बाटल्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. तिने रिसीव्हर उचलून कानाला लावला. तो अजून कोमट होता.